गजा हेरवाडेला चार विकेटी

“यंदा तू वाचायचं,” आबा म्हणाले आणि चार घड्या घातलेला कागद त्यांनी माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. “पण इथं उघडायचा न्हाई. नारळ फुटल्यावर.”

“तुम्हीच वाचा की. दरवर्षी तुम्हीच वाचता.”

“आन् ऐकू कुणाला जाणार?”

ते खरं होतं, आणि किती खरं होतं ते मला त्या सकाळी कळलं. खंडेनवमीला इचलकरंजीत माग बंद असतात. एरवी आमच्या गल्लीत दिवसरात्र खटखटाट चालू असायचा. घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. आबा जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चाळीस वर्षं कारखान्यात ओरडून बोललेल्या माणसाचा घसा बसलेलाच असायचा, त्यात नवल कुणाला वाटणार? त्या दिवशी मात्र माग हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते, आणि त्या शांततेत आबांचा आवाज उघडा पडला होता. पत्र्यावरून खडा ओढावा तसा. वाक्यातला शेवटचा शब्द तर नुसती हवा होऊन बाहेर पडत होता.

दहा दिवसांपूर्वी आम्ही मिरजेला जाऊन आलो होतो. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टर मोकळेपणाने बोलले होते. स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं कायमचं जाईल, पण माणूस राहील. दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख दिली होती. दिवाळीपर्यंत थांबलात तर मग काही करता येणार नाही, असंही म्हणाले होते. आबांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि ते आत एकटेच पाच मिनिटं थांबले. बाहेर आले ते घड्याळ बघत. “साडेअकराची एसटी मिळंल,” एवढंच म्हणाले.

आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मी कोल्हापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. नवरात्राची रजा घेऊन आले होते ती आबांना सोमवारी मिरजेला न्यायचंच, असं ठरवून.

“आबा, सोमवारी सकाळी सहाला निघायला पाहिजे,” मी म्हणाले.

“मी काय येत न्हाई.”

“म्हणजे?”

“म्हणजे येत न्हाई. कशाला? म्हाताऱ्याचा गळा कापून काय सोनं निघणार हाय का?”

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“ऐकायला कान धड हाईत माझं.” त्यांनी टोपी झटकली. “चल. मैदानात रफिक वाट बघत असंल.”

मी कागद पर्समध्ये टाकला.  चालताना त्यांचा श्वास ऐकू येत होता. तोही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आबा स्वतः कधी क्रिकेट खेळले नाहीत. पण गावातल्या मागवाल्यांचा एक क्लब होता, नवजागृती नावाचा, आणि त्याच्या गोलंदाजांवर आबांचा जीव होता. फक्त गोलंदाजांवर. “बॅटिंग हे नशिबाचं काम,” म्हणायचे. “बॉलर म्हंजे कारागीर. तोच धागा दिवसभर ओढायचा, आन् तुटला की गाठ मारून परत.” दसऱ्यानंतर हंगाम सुरू व्हायचा. त्याआधी खंडेनवमीला मैदानात बॅटी, स्टंपा, चेंडू आणि रोलर यांची पूजा असे, आणि पूजेनंतर आबा पाचही गोलंदाजांचं भाकीत वाचत. कोण किती विकेटी घेणार, कुणाचा खांदा जाणार, कुणाचा दम निघणार.

हे भाकीत म्हणजे शुद्ध शिव्या असत. त्यामागे एक गोष्ट होती, ती सगळ्या गावाला ठाऊक होती. चौदा वर्षांपूर्वी अशोक कोरे नावाचा एक गोलंदाज होता. आबांनी त्या खंडेनवमीला छाती फुगवून सांगितलं होतं, अशोक यंदा चाळीस विकेटी घेणार, लिहून ठेवा. पेढे वाटले होते. चौथ्या दिवशी अशोकचा उजवा हात मागाच्या चाकात गेला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. तो माग आदल्याच दिवशी आबांनी दुरुस्त केला होता. मागात काही दोष नव्हता, अशोकनेच चालू मागात हात घातला, असं सगळे म्हणाले. अशोकही म्हणाला. आबा काहीच म्हणाले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पाचही जणांना इतकं वाईट झोडपलं, की लोक बघतच राहिले. तेव्हापासून तीच रीत झाली. ज्याला सगळ्यांत जास्त शिव्या, त्याच्यावर आबांची सगळ्यांत जास्त आशा. पोरं शिव्यांची वाट बघत. एखाद्या वर्षी एखाद्याला कमी पडल्या, तर तो तोंड पाडून घरी जाई.

घरीही तेच. मी मॅट्रिकला केंद्रात पहिली आले तेव्हा आबा म्हणाले होते, “बाकीची पोरं आजारी हुती काय गं?”

मैदानात रोलरभोवती रांगोळी काढली होती. मी कागद पर्समधून काढून हातात धरला. अशोक कोरे उरलेल्या तीन बोटांनी चेंडूंना कुंकू लावत होता. कप्तान रफिक मोमीन नारळ घेऊन उभा होता. लेगस्पिन टाकायचा, चाळिशीला आला होता, आणि सगळ्या चमूत बोलघेवडा तोच.

“आबा, कागद ताईच्या हातात?” तो म्हणाला. “आता शिव्या कुमूताईंच्या तोंडून ऐकायच्या व्हय? मला तर बाबा लाज वाटणार.”

“तुला?” मागून गजा हेरवाडे म्हणाला. “मागच्या वर्षी सांगलीत एका षटकात बावीस दिल्यास तवा न्हाई वाटली.”

हसू फुटलं. गजा त्यांचा वेगवान गोलंदाज. दोन-दोन पाळ्या मागावर उभा राहायचा आणि रविवारी सकाळी पंधरा पावलं पळत येऊन असा चेंडू टाकायचा, की लांबूनसुद्धा अंग आक्रसून घ्यावंसं वाटे. बोलायला कमी. अक्षरओळख बेताची. आबांसमोर मान वर करत नसे.

“घसा बसलाय आबांचा,” मी म्हणाले. मिरजेचं कुणालाच सांगितलं नव्हतं. आबांनी शपथ घातली होती.

रफिकने नारळ फोडला. सगळे गोल करून उभे राहिले. आबा रोलरच्या दांड्याला टेकले आणि त्यांनी मला मानेने खूण केली. मी कागद उघडला.

पहिली ओळ होती: ‘गजा हेरवाडे. पस्तीस.’

खाली लिहिलं होतं: ‘हा चेंडू आत आणतो तेव्हा मला श्वास घ्यायचं भान राहत नाही. असा बॉलर या गावानं पाहिलेला नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही.’

मी वाचायला तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. डोळे खाली धावले. ‘रफिक मोमीन. बावीस. पण रफिकचं मोल विकेटींत नाही. मार खाल्ल्यावरसुद्धा तो पुढचा चेंडू वर टाकतो. ते धाडस शिकवून येत नाही.’ त्याखाली आणखी तिघं. कुणाबद्दल एक वाकडा शब्द नाही. आणि सगळ्यांत शेवटी, जरा वेगळ्या शाईत: ‘एवढं एकदा नीट सांगायचं होतं. पुढं जमायचं नाही.’

 म्हणजे हे ठरलेलं होतं. सकाळी म्हणाले ते खरंच होतं, सोमवारी ते येणार नव्हते. चौदा वर्षं जे बोलायचं टाळलं ते हा माणूस आज बोलून मोकळा होणार होता, कारण पुढे काय होतंय ते बघायला तो असणार नव्हता. माझ्या हातात भाकीत नव्हतं, निरोप होता.

“ताई?” रफिक म्हणाला. “एवढं घाण लिहिलंय?”

मी वर पाहिलं. गजा खाली मान घालून उभा होता, पायाच्या अंगठ्याने माती उकरत. अशोक कोरेच्या तळहातावर कुंकवाची कोयरी होती आणि तीन बोटं तिच्यावर मिटलेली होती. परवा माग पुन्हा सुरू होणार होते. मी पुस्तकांत वाढलेली बाई, दृष्ट लागण्यावर माझा विश्वास नव्हता. पण भीतीला विश्वास लागत नाही. मला एवढंच कळत होतं, की हा कागद मोठ्याने वाचला की आबा गेले. आणि कदाचित गजाचा हातही.

“गजा हेरवाडे,” मी वाचलं. आवाज माझा नव्हता. “चार विकेटी. त्यासुद्धा शेवटच्या गड्यांच्या, झोपेत असलेल्या.”

हशा उसळला.

“पळतो रेड्यासारखा, टाकतो शेळीसारखा. पंधरा पावलं पळतो, त्यातली चौदा वाया. त्यापेक्षा घरी बसून सुताच्या कांड्या भराव्यात.”

“आलं! आबा आलं!” रफिक ओरडला आणि त्याने गजाच्या पाठीत रट्टा घातला. गजाने मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता.

“रफिक मोमीन. स्पिन म्हणजे चेंडू वळायचा असतो, बघणाऱ्याची मान नव्हे.”

“घ्या!”

“यंदा नऊ. आणि दहावी मिळाली तर अंपायरचा चष्मा तपासावा.”

पाचही जणांचं मी असंच वाचलं. कुठून सुचलं ते आजही सांगता येत नाही. चौदा वर्षं कानावर पडलेलं आबांचंच बोलणं असणार. प्रत्येक वाक्यानंतर मी कागदाकडे बघत होते आणि कागदावर दुसरंच काहीतरी होतं. लोक पोट धरून हसत होते. आबांकडे मी एकदाही पाहिलं नाही.

शेवटी पाहिलं. ते रोलरला टेकूनच होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भर बाजारात एखाद्याच्या हातातली पिशवी फाटावी आणि त्याने खाली सांडलेल्याकडे नुसतं बघत राहावं, तसे ते बघत होते.

परतीच्या वाटेला लागलो. कारखान्यामागच्या ओढ्यावर आलो तशी मी पर्समधून कागद काढला, त्याचे तुकडे केले आणि पाण्यात टाकले. आबा पुढे चालत होते; त्यांनी वळून पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मला तो कागद घरात नको होता. तो घरात असेपर्यंत खरा ठरेल, असं काहीतरी डोक्यात होतं.

घरी आल्यावर त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, “चांगलं वाचलंस.”

आयुष्यात पहिल्यांदा. अठ्ठावीस वर्षांची होते मी.  त्यांच्या तोंडून चांगलं निघालं की काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दसरा गेला. शनिवार, रविवार गेला. ते जेवत, मी ताट वाढे. सोमवारचा विषय काढायची हिंमत होईना. नाही म्हणाले तर ते पक्कं होईल, या भीतीने. रविवारी मी शेजारच्या होगाड्यांच्या मुलाला सांगून ठेवलं, की सकाळी जीप घेऊन ये, उचलून नेऊ. सोमवारी पहाटे मी उठले तेव्हा आबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, पायांत चपला घालून खुर्चीवर बसले होते.

“जीप कशाला?” ते म्हणाले. “एसटी काय मेली व्हय?”

मिरजेला दवाखान्यात मेट्रनबाईंनी कागद पुढे केला. “इथं तुमची सही, साक्षीदार म्हणून. पेशंटची झालेलीच आहे.”

मी पाहिलं. संमतीपत्रावर आबांची सही होती, महालिंग सिद्राम खारगे, आणि खाली त्यांच्याच अक्षरात तारीख. तपासणीच्या दिवसाची. मी बाहेर बाकावर बसले होते त्या पाच मिनिटांतली.

माझ्या हातातलं पेन थांबलं. म्हणजे भाकीत लिहिलं त्याआधीच हे ठरलं होतं. ‘मी काय येत न्हाई’ हे आबा त्यांच्या रीतीने बोलले होते. चांगलं होणार असलेल्या गोष्टीबद्दल ते दुसरं बोलणार तरी काय होते? आणि कागदावर जे लिहिलं होतं ते, चौदा वर्षांत एकदाच, सरळ लिहिलं होतं. ‘पुढं जमायचं नाही’ म्हणजे मरणार म्हणून नव्हे. आवाज जाणार म्हणून. पोरांना माझ्या तोंडून का होईना, पण स्वतः समोर उभं राहून ऐकवायचं होतं, आणि कुणी उलटून विचारलंच तर हो म्हणण्याइतका तो आवाज शिल्लक होता. भीती त्यांनीच त्या मैदानात पेरली होती, जाताजाता ती त्यांनाच उपटायची होती. जन्मभर ज्यांची भाषा ऐकली त्यांचं मला एकही वाक्य कळलं नव्हतं. उलटं बोलले ते मी सरळ घेतलं आणि सरळ लिहिलं ते उलटं.

“सही करताय ना?” मेट्रनबाई म्हणाल्या.

मी सही केली.

स्ट्रेचरवर त्यांना निळा झगा घातला होता. मी वाकून म्हणाले, “आबा, तो कागद मी फाडला.”

“बघितलं मी.”

“चुकलं माझं.”

त्यांनी डोळे मिटले, उघडले. “घाबारलीस,” ते म्हणाले. “मीबी चौदा वर्षं तेच केलं की.” मग स्ट्रेचर हललं.

ते त्यांचं शेवटचं बोलणं. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, पण आवाज आठवत नाही. आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. गेल्या वर्षी आबाही गेले. आता विचारायला कुणी नाही, की तो आवाज बसण्याआधी नक्की कसा होता.

ऑपरेशनच्या नवव्या दिवशी गजा आला, एकटाच. शहाळं घेऊन आला आणि आबांच्या नाकातली नळी, गळ्याच्या भोकावरची जाळी बघून शहाळं कुठं ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी कॉटखाली सरकवलं. स्टुलाच्या कडेवर बसला.

“आबा,” म्हणाला, “एक अडचण आलीय.”

आबांनी भुवया उंचावल्या.

“तुमी चार म्हणाला. रविवारी पयल्याच मॅचला तीन झाल्या. आता एकच उरली. मार्चपर्यंत कशी पुरवू?”

आबांचे खांदे हलू लागले. हसत होते, आवाजाशिवाय. गळ्यातल्या भोकातून नुसती फुरफुर येत होती. मला ते बघवेना. मग त्यांनी हात पुढे केला. मी पाटी दिली, पेन्सिल दिली. त्यांना उठवून उशीला टेकवलं.  एक ओळ लिहायला किती वेळ लागला. मधेच पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटी त्यांनी माझ्याकडे नाही, गजाकडे दिली.

गजाने ती उजेडाकडे धरली, लांब धरली, जवळ धरली.

“अक्षर लागंना,” तो ओशाळून म्हणाला आणि पाटी माझ्या हातात दिली. “ताई, तुमीच वाचा.”

मी पाटी वाचली, मनातल्या मनात. आबा माझ्याकडे बघत होते. या वेळी त्यांनी खूणही केली नाही. गजाचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते, काळ्या तेलाचे डाग नखांत शिरलेले. खालच्या रस्त्यावरून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता.  गजा रात्रीच्या पाळीला परत जाणार होता. सरळ मागावर.

“‘चार खोटं होतं,’” मी वाचलं. “‘तू पस्तीस घेशील. तुझ्यासारखा बॉलर मी पाहिला नाही.’”

गजाचा चेहरा पडला. तो झटकन उभा राहिला. “आबा, असलं नगा बोलू. आबा, पुसा ते. ताई, पुसा.”

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही. मग बोटाने स्टूल दाखवलं, बस म्हणून. गजा उभाच होता. दाराकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. आबांनी परत स्टूल दाखवलं, आणि तो बसला.

 आबांच्या गळ्यातून श्वास आतबाहेर होत होता, तेवढाच आवाज.

मग गजा खाली बघत, अगदी हळू, चोरून काही मागावं तसा म्हणाला, “ताई, परत वाचा की.”

मी परत वाचलं. शब्द पाटीवर होते तेच.